खेळानंतरचा अर्धा तास कापू नका

संवाद, गटकाम अशी कौशल्यं खेळांतून शिकवणाऱ्या कार्यशाळेचं वेळापत्रक हातात आलं की मी आधी एकच गोष्ट बघते. खेळ संपल्यावर चर्चेला किती वेळ ठेवलाय? बहुतेकदा दहा मिनिटं, तीही 'वेळ उरल्यास'. उद्घाटन लांबतं, पाहुण्यांचं मनोगत लांबतं आणि कात्री लागते ती नेमकी तिथेच. खेळाला कोणी हात लावत नाही, कारण फोटो खेळाचे चांगले येतात.

संवाद, गटात काम करणं, वेळेचं नियोजन, मतभेद हाताळणं ही कौशल्यं अभ्यासात आणि नोकरीत दोन्हीकडे उपयोगी पडतात, असं आपण माहितीपत्रकावर बिनधास्त छापतो. उपयोगी पडतात हे खरंच. पण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप पोहोचतं, हे मात्र खरं नाही. ही शंका काही आजची नाही. 1901 मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखायचा सराव करून घेतला. त्यात माणसं तरबेज झाली, पण आकार बदलला की तो तरबेजपणा बराचसा गळून पडला. अवघड विषय शिकला की बुद्धीला धार येते आणि ती सगळीकडे चालते, या तेव्हाच्या समजुतीला तो मोठा धक्का होता.

माझा आवडता प्रयोग मात्र 1980 चा, गिक आणि होलिओक या मानसशास्त्रज्ञांचा. लोकांना एक कोडं दिलं: पोटात गाठ आहे, तीव्र किरणांनी ती जळेल, पण वाटेतला चांगला भागही जळेल. काय कराल? उत्तर असं, की सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे. नुसतं कोडं दिलं तर हे फार थोड्यांना सुचतं. प्रयोगात काहींना कोड्याआधी एक गोष्ट वाचायला दिली होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोठी फौज गेली की फुटतील असे सुरुंग पेरलेत, म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करतो आणि वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचवतो. म्हणजे उत्तर जवळजवळ हातात दिलेलं! तरीही बहुतेकांना दुवा लागला नाही. 'मघाची गोष्ट इथे वापरता येईल का बघा' एवढं सांगितल्यावर मात्र बहुतेकांनी कोडं सोडवलं. त्याच दोघांनी पुढे 1983 मध्ये दाखवलं की अशा दोन गोष्टी दिल्या आणि त्यांत सारखं काय ते शोधायला लावलं, तर असं न सुचवताही जास्त जणांना जमतं.

आता हे आपल्या वर्कशॉपला लावून बघा. तिथला खेळ म्हणजे किल्ल्याची गोष्ट. महिन्याभराने कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये जे उभं राहतं ते कोडं. मधला दुवा जोडून द्यायची जागा एकच, खेळानंतरची चर्चा. आणि आपण तीच कापतो.

वर्तमानपत्रांचा मनोरा उभा करायचा खेळ तुम्ही खेळला असाल. पाच जण, कागद, चिकटपट्टी, वीस मिनिटं. एका गटात मी नुसती बघत बसले होते. एक मुलगा पहिल्या मिनिटालाच उभा राहिला आणि 'तू गुंडाळ, तू धर' सुरू झालं. एक मुलगी चिकटपट्टीचे तुकडे फाडून बोटांना लावून तयार ठेवत होती. मध्येच ती म्हणाली, 'खालचा भाग रुंद करूया ना.' कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने तेच वाक्य शेजारचा मुलगा मोठ्याने बोलला आणि सगळे 'अरे हो!' म्हणून कामाला लागले. मनोरा उभा राहिला, टाळ्या पडल्या. फॅसिलिटेटरने, म्हणजे खेळ घेणाऱ्याने, माइक पुढे धरून विचारलं, काय शिकलात? 'टीमवर्क, सर.' पुढचा गट.

त्या वीस मिनिटांत शिकण्यासारखं जे होतं ते सगळं त्या मुलीच्या वाक्याचं काय झालं यात होतं. ते पहिल्यांदा कोणी ऐकलं? ऐकून गप्प का बसलात? दुसऱ्याने तेच म्हटल्यावर का पटलं? तुझ्या प्रोजेक्टच्या गटात, तुझ्या टीममध्ये असं शेवटचं कधी झालं? हे प्रश्न विचारायला अर्धा तास लागतो. पहिली पाच मिनिटं शांततेत जातात आणि ती शांतता सहन करायची हिंमत लागते. 'मुलं बोलतच नाहीत हो' ही तक्रार मी नेहमी ऐकते. 'काय शिकलात?' या प्रश्नाला दुसरं काय उत्तर येणार?

गंमत म्हणजे अशा कार्यशाळांचा इतिहासही हेच सांगतो. 1946 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या पुढाकाराने एक कार्यशाळा झाली. दिवसभरात गटांत काय घडलं यावर निरीक्षक संध्याकाळी आपापसात बोलायचे. काही सहभागींनी विचारलं, आम्ही बसू का? बसले आणि स्वतःबद्दलची निरीक्षणं ऐकून 'असं नव्हतं झालं' म्हणत हुज्जत घालू लागले. पुढच्या संध्याकाळी आणखी लोक आले. दिवसाच्या सत्रांपेक्षा त्या संध्याकाळच्या बैठकाच जिवंत ठरल्या, आणि आज आपण ज्याला गटातला फीडबॅक म्हणतो त्याची पद्धत तिथून रुजली. मुख्य कार्यक्रमात नव्हतंच ते!

गट मोठे करू नका, हेही इथेच सांगते. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता. 1913 मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ जण एकत्र ओढताना माणशी जोर एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्मा भरला. बारा-बारा जणांच्या गटात निम्मे जण प्रेक्षकच असतात. चार-पाच पुरेत. कल्पना काढायच्या असतील तर आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायच्या, मग बोलायचं. नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळी दिंडी.

'मग खेळ बंदच करा, सरळ भाषण ठेवा,' असं कोणी म्हणेल. अजिबात नको. चर्चेला कच्चा माल लागतो आणि तो खेळातूनच येतो. भाषणातून फक्त वहीत चार ओळी येतात. माझं म्हणणं एवढंच, की दिवसाला सहा खेळ नकोत, दोन पुरेत. आणि दोन्हींत सारखं काय घडलं, हे प्रत्येकाने स्वतःच्या अभ्यासातल्या किंवा कामातल्या एका प्रसंगाशी जोडून लिहायचं. 'मी नेतृत्वगुण वाढवीन' असलं नको. 'सोमवारच्या मीटिंगमध्ये जो बोलत नाही त्याला आधी विचारीन' असं.

दोन आठवड्यांनी त्याच लोकांना तासभर पुन्हा बसवा. निम्मे म्हणतील विसरलो, काही म्हणतील करून बघितलं पण फसलं. फसलेल्यांपासून सुरुवात करा. आयोजकांना ही दुसरी बैठक सुचवली की उत्तर ठरलेलं असतं: सर्टिफिकेटं तर पहिल्याच दिवशी वाटून झाली, आता कोण येणार? मग सर्टिफिकेट दुसऱ्या बैठकीला द्या की.