‘१२ व्होल्टला काय घाबरायचं?’ या फॉरवर्डला उत्तर

गणपती जवळ आले की आमच्याकडे गावागावांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून फिरतो. मृगापासून ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी ‘मेस्त्रीला न बोलावता’ कशी चालू करायची, ते त्यात सांगितलेलं असतं. बॅटरी १२ व्होल्टची, शॉक बसत नाही, बिनधास्त हात घाला. चार्जर चालू करून चिमटे लावा, ठिणगी उडाली की चार्जिंग सुरू झालं समजा. घाई असेल तर अँपिअर वाढवून रात्रभर ठेवा. पाणी कमी असेल तर विहिरीचं गाळून घाला. बॅटरी लादीवर ठेवू नका, चार्ज उतरतो. वर ‘पुढे पाठवा’.

पहिली ओळ अर्धी खरी आहे, म्हणूनच ती पटते. कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवत नाहीत. पण इथे भाजतं ते अँपिअरमुळे, म्हणजे वाहणाऱ्या करंटमुळे. गाडीचा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. प्लसच्या नटावर लावलेला पाना त्या पत्र्याला टेकला, तर त्यातून काही शे अँपिअर धावतात आणि पाना कधी जागीच चिकटून बसतो. मध्ये अंगठी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा सापडला तर बोट गेलंच म्हणायचं. म्हणून मेस्त्री बॅटरी काढताना आधी मायनस सोडवतो. तो सुटला की पाना पत्र्याला लागला तरी सर्किट पुरं होत नाही. बसवताना उलट, आधी प्लस आणि शेवटी मायनस. शिवाय चार्जरची दुसरी पिन भिंतीत २३० व्होल्टमध्ये खोचलेली असते, आणि भाद्रपदात आपली पडवी ओली असते, हे लिहिणाऱ्याच्या गावीच नाही.

ठिणगीची ओळ मात्र सरळ धोकादायक आहे. बॅटरी भरत आली, व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेलं, की आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि चिमट्याची ठिणगी उडते ती नेमकी त्या बुचांच्या शेजारी. मग बॅटरीचं झाकण फुटतं, प्लास्टिकचे तुकडे आणि सल्फ्युरिक अॅसिड वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकलेली बॅटरीसुद्धा जास्त चार्ज झाली की गॅस सोडतेच.

त्यात आपल्याकडची रीत अशी, की झड आत येते म्हणून मांगराचं दार लोटून घ्यायचं आणि आत चार्जर लावायचा. हायड्रोजन हलका, तो वर कौलांखाली साठतो. वीज गेली की कुणीतरी काडी ओढून ‘झाली का चार्ज’ बघायला येतो. गणपतीत तर पलीकडे समई असतेच. दार-खिडक्या उघड्या ठेवा. चार्जर बंद असतानाच लाल चिमटा प्लसला, मग काळा मायनसला लावा, आणि त्यानंतरच भिंतीवरचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. डोळ्यांना चष्मा हवा. तरीही अॅसिड डोळ्यात गेलंच तर चोळत बसू नका, वीसेक मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डॉक्टर गाठा.

अँपिअर वाढवल्याने बॅटरी लवकर भरते खरी, पण तापते आणि मरतेही लवकर. साधा हिशोब बॅटरीवर लिहिलेल्या क्षमतेच्या (अँपिअर-अवरच्या) दहाव्या भागाचा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर. स्कूटरची ५ ची असेल तर अर्धा. गाडीचा चार्जर स्कूटरला जोडून झोपायला जाणारे महाभाग आहेत! पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला रात्र लागतेच, पण रात्रभर ठेवायचा तर चार्जर आपोआप बंद होणारा हवा. गॅरेजच्या कोपऱ्यातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला तसा नसतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला, किंवा डबा हाताला चटका देऊ लागला, तर भिंतीवरचं बटण आधी बंद करा. फुगलेली बॅटरी तर चार्जरला लावूच नका. चार्जर काढून काही तासांनी मीटर १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी भरली. १२ दाखवत असेल तर ती जवळजवळ रिकामीच आहे.

विहिरीचं पाणी गाळून कचरा जातो, क्षार जात नाहीत. किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारटपणा असतो, आणि तो बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांना मारक. डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही चार्जिंग झाल्यावर. आधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं. अॅसिड घालायचा प्रश्नच नाही, उडून जातं ते पाणी. होडीवाल्यांना एक जादा सूचना: तळातलं समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. पाणबुड्यांवर याची धास्ती उगाच नव्हती.

राहिली लादी. जुन्या काळी डबे कडक रबराचे असत, तेव्हाची ही समजूत असावी. आता डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, खुशाल लादीवर ठेवा. उभ्या बॅटरीचा चार्ज हळूहळू आपसूक उतरतो, आणि वरच्या ओलसर मळातूनही थोडा झिरपतो. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरचा भाग पुसून घ्या, टर्मिनलवरची पांढरट-निळी बुकटी ब्रशने काढा आणि वर व्हॅसलीन लावा. विसर्जन आटोपून मुंबईला निघताना मायनस सोडून ठेवा. नाहीतर गाडीचं घड्याळ आणि अलार्म शिमग्यापर्यंत तीच बॅटरी पुन्हा रिकामी करतील.