ब्रुजला तीन तास की तीन रात्री?

दिगूने मोबाइल पुढे केला आणि वादाला तोंड फुटलं. सप्टेंबरात तो आईला घेऊन युरोपला निघालाय. एजंटने पाठवलेल्या कार्यक्रमात सहाव्या दिवसापुढे लिहिलं होतं: सकाळी ब्रसेल्सहून ब्रुज, बोटीची फेरी, चॉकलेटची खरेदी, रात्री मुक्काम ॲमस्टरडॅम. ब्रुज म्हणजे बेल्जियममधलं कालव्यांचं जुनं गाव.

"ब्रुजला किती वेळ देणार?" मी विचारलं.

"तीन तास."

"मग जाऊच नकोस."

वसईतल्या तळ्याकाठी आमचा कट्टा बसतो. एरवी माझा आवाज तिथे फारसा चढत नाही. त्या दिवशी चढला.

बंड्या लगेच म्हणाला, "अरे, तीन तास खूप झाले. मी केलंय ना! चौकातला मनोरा, बोट, मायकेलँजेलोची ती मूर्ती, वॅफल. गाव केवढंसं ते!"

पहिल्या खेपेला मीही तसाच गेलो होतो. बोटीच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो, फेरी अर्ध्या तासाची. उरलेला वेळ रोझनहूडकायच्या धक्क्यावर, जिथे दोन कालवे मिळतात, तिथे फोटोसाठी जागा मिळवण्यात गेला. घरी आल्यावर फोटो बघताना लक्षात आलं, की मला त्यांतलं एकही घर आठवत नाही. त्याची रुखरुख एवढी लागली, की दुसऱ्या खेपेला बाकी सगळं सोडून तिथे तीन रात्री राहिलो.

"आणि काय केलंस तीन दिवस?" बंड्याने विचारलं.

एक उदाहरण दिलं. तिथल्या ग्रूनिंगे संग्रहालयात यान व्हॅन आयकचं १४३६ सालचं चित्र आहे. मेरी, बाळ येशू आणि बाजूला गुडघे टेकलेला एक म्हातारा धर्माधिकारी. पहिल्या दिवशी मला हे एवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो, तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातला चष्मा दिसला, कानशिलावरची फुगलेली शीर दिसली. बाळाजवळ चक्क हिरवा राघू. शेजारी चिलखत घातलेला संत जॉर्ज उभा आहे, त्याच्या पाठीवरच्या ढालीत एका उभ्या माणसाचं इवलंसं प्रतिबिंब आहे. तो स्वतः चित्रकार, असं मानतात. हे सगळं दिसायला मला दोन दुपारी लागल्या.

भाऊ इतका वेळ गप्प होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, हिशेब झाल्याशिवाय बोलत नाही. म्हणाले, "तुझं खरं असेल. पण शेंगेनच्या व्हिसालाच माणशी नव्वद युरो. वर विमान, हॉटेल. दिगूची आई बहात्तरची. ती पुन्हा कधी जाणार? एका जन्मात एकदा युरोप, आणि तुम्ही तिला एकाच गावात बसवणार?"

याला झटक्यात उत्तर नव्हतं. भाऊंचा मुद्दा पैशांचा दिसतो, पण आहे तो पुन्हा न मिळणाऱ्या संधीचा. माझ्या वडिलांच्या बाबतीत मीही असाच विचार केला होता.

मग मी भाऊंना त्या गावाचीच गोष्ट सांगितली. ११३४ मध्ये मोठं वादळ झालं, समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. तिच्या जिवावर ब्रुज श्रीमंत झालं. मोठी जहाजं गावाच्या अलीकडे डामला थांबायची, तिथून माल छोट्या होड्यांनी गावात. व्हॅन डर बर्झ नावाच्या घराण्याची खानावळ होती, तिच्यासमोर परदेशी व्यापारी जमायचे. शेअरबाजाराला युरोपात बोर्स म्हणतात तो शब्द त्या घराण्याच्या नावावरून आला, असं सांगतात. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापारी अँटवर्पला गेले आणि गाव गरीब झालं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून ती राहिली.

भाऊ नालासोपाऱ्याचे. "आमचं बंदर तसंच गेलं की," ते म्हणाले. "गाळानेच. पण आमच्याकडे स्तूप राहिला, घरं कुठे राहिली!"

"म्हणूनच भाऊ, ती घरं नीट बघायला नकोत?"

मेधाने मध्येच वेगळाच प्रश्न टाकला. "काकूंच्या गुडघ्यांचं काय? तिकडे सगळी दगडी फरसबंदी ना?"

हा खरा कळीचा मुद्दा. मनोऱ्याला ३६६ पायऱ्या आहेत, तो काकूंसाठी नाहीच. पण त्यातल्या सत्तेचाळीस घंटा खाली चौकात बसून ऐकता येतात. गावाच्या दक्षिण टोकाला बेगाइनहोफ आहे, १२४५ पासूनचं. मोठं हिरवं अंगण, उंच झाडं, भोवती पांढरी घरं. तिथे पूर्वी बेगाइन बायका राहायच्या. देवाचं करायचं, पण जन्मभराची शपथ नाही, स्वतः काम करून स्वतःचं पोट भरायचं. आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी आहेत आणि आत हळू बोला अशी विनंती असते. बाहेर पडलं की मिनवॉटरचं तळं आणि हंस.

"काकूंना आवडेल," मेधा म्हणाली. काकूंनी तीस वर्षं शिवणाचे क्लास चालवलेत. ते ऐकून मला लेस आठवली. सेंट ॲना भागातल्या लेस केंद्रात दुपारी बायका उशी घेऊन बसतात. उशीवर टाचण्या, दोऱ्याला लाकडी बॉबिनं लटकलेली, डझनावारी. हालचाली दोनच: दोरा दोऱ्यावरून न्यायचा, नाहीतर पीळ द्यायचा. बॉबिनं एकमेकांवर आपटून टकटक आवाज होत राहतो. मी अर्धा तास बघत होतो, तेवढ्यात पट्टी नखाएवढी वाढली असेल.

बंड्याने शेवटचा पत्ता टाकला. "आणि संध्याकाळी? पाच-सहाला बसगाड्या परत गेल्या की गाव ओस. करायचं काय?"

"काही नाही. कालव्याच्या कठड्यावर बसायचं. पाण्यात घरांची उलटी शिखरं दिसतात, एखादं बदक गेलं की ती मोडतात आणि पुन्हा जुळतात."

"पाण्याकडे बघत तर आपण इथेही बसतो!"

"हो. आणि रोज येतोस."

बंड्या तळ्याकडे बघत राहिला. मी दिगूला म्हणालो, "तीन रात्री ब्रुजलाच राहा. रेल्वेने गेंट पंचवीस मिनिटांवर, ब्रसेल्स तासाभरावर. दिवसा हवं तर जाऊन या, पण संध्याकाळी परत."

दिगूने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून काकूंनी एकच विचारलं, "म्हणजे बॅग एकदाच उघडायची ना?"

"एकदाच."

"मग तेच कर."

भाऊंनी मान हलवली. "ॲमस्टरडॅमचा निदान एक दिवस तरी ठेवा रे," म्हणाले. दिगू एजंटचा नंबर शोधत होता.