पस्तीस जोड्या आणि एक चहा

दहावीच्या बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यतेचं. लेक म्हणाली, "बाबा, सोपंय हे, तुलासुद्धा जमेल." त्या 'सुद्धा'वरच मी उठायला हवं होतं.

सुरुवात नाण्यांनी. दोन नाणी फेकली, नमुना अवकाश (म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी) लिहा. मी ऐटीत सांगितलं, दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. तीन!

"चार. छापा-काटा वेगळा, काटा-छापा वेगळा."

"अगं, रुपया तो रुपया. वाण्याला दे, तो विचारतो का पहिला कुठला ते?"

(नंतर कळलं, दालांबेर नावाच्या नामांकित फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली चक्क विश्वकोशात दोन फेकींच्या शक्यता चारऐवजी तीनच धरल्या होत्या. पण त्याला घरात दहावीची मुलगी नव्हती.)

मग फासे. दोन फाशांच्या निष्पत्ती, म्हणजे पडू शकणाऱ्या जोड्या, ३६. मी वीजबिलाच्या पाठीवर लिहायला घेतल्या, (१,१), (१,२)... दोनदा मोजल्या, दोनदा ३५ भरल्या. हरवलेली जोडी शोधणं म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेर आपली चप्पल शोधणं. सगळ्यांच्या दिसतात, आपलीच दिसत नाही. शेवटी सापडत नव्हती ती (४,३) सापडली. (३,४) लिहिलंय म्हणून हात आपोआप पुढे गेला होता. लेकीने लुडोचा लाल फासा आणि सापशिडीचा पांढरा फासा समोर ठेवला. "लाल तीन-पांढरा चार. लाल चार-पांढरा तीन. दिसतंय?" दिसत होतं, पण बापाने लगेच कबूल करायचं नसतं.

० ते ५ अंकांपासून, अंक पुन्हा न वापरता, दोन अंकी संख्या किती? मी ३० काढल्या. उत्तर २५. माझ्या ०१, ०२ वगैरे पाचही बाद. "०३ ही काय संख्या आहे, बाबा? बसच्या सीटचा नंबर आहे."

तेवढ्यात बायकोने चहा आणला. दोन्ही कप अगदी सारखे. एक माझा बिनसाखरेचा, एक तिचा दोन चमचेवाला. मी वहीतून डोकं न काढता डावीकडचा उचलला. बायकोने दुसऱ्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

लेकीने बिलाच्या कोपऱ्यात लिहिलं, (गोड, अगोड), (अगोड, गोड). "काय बाबा, अजून सारखंच?"

"अगदी सारखंच," मी म्हटलं आणि कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. किती महिन्यांनी गोड चहा मिळाला होता.