बेस्ट मोफत करावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

‘मुंबईच्या बेस्ट बसचा प्रवास मोफत करण्याआधी गाड्या वाढवा’ या माझ्या मतावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. युरोपातील लक्झेंबर्ग हा देश आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन यांना जे जमले ते मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेला का जमू नये, हा पहिला. आणि गरिबाचे दहा रुपये वाचण्याला विरोध करणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, हा दुसरा. दुसऱ्यातला माझ्यावरचा रोख सोडून देतो, मुद्दा मात्र सोडण्यासारखा नाही.

लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे तिकीट रद्द केले हे खरे. पण तेथे तिकीटविक्रीतून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता. टॅलिनमध्ये २०१३ पासून मोफत प्रवास मिळतो तो शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांनाच, आणि एस्टोनियात रहिवाशाच्या प्राप्तिकराचा वाटा त्याची नोंदणी जेथे असेल त्या पालिकेला जातो. त्यामुळे सवलतीसाठी लोकांनी नावे नोंदवली की शहराच्या तिजोरीतही भर पडते. फ्रान्समधील डंकर्कने २०१८ मध्ये बस मोफत केली, तेव्हा मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात घेतला जाणारा वाहतूक कर तिच्या पाठीशी होता.

मुंबईत यातले काय आहे? प्राप्तिकर केंद्राकडे जातो, व्यवसाय कर राज्य सरकार घेते, जकात २०१७ मध्ये बंद झाली. बेस्ट वीजही पुरवते; पूर्वी तिच्या वीजग्राहकांच्या बिलातून परिवहन विभागाची तूट काही अंशी भरून निघे. तोही मार्ग उरला नाही. राहिले ते महापालिकेचे अनुदान, आणि ते दरवर्षी मागावे लागते.

भाडे कमी करण्याचा प्रयोग आपण केलेला आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आले, प्रवासी वाढले आणि ताफाही वाढेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात एके काळी चार हजारांवर असलेला ताफा तीन हजारांच्या खाली गेला, भाडेतत्त्वावर गाड्या पुरवणारे काही कंत्राटदार निघून गेले आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट करावे लागले. मधल्या काळात थांब्यावर ताटकळून शेवटी शेअर रिक्षात बसणारा प्रवासी बसच्या तिकिटाहून अधिक पैसे मोजत होता, आणि तो बहुधा आपण ज्याची बाजू मांडता तोच गरीब माणूस होता.

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाचा दाखला आपण दिला आहे. त्या सवलतीचे मी स्वागतच केले होते, कारण तिचा फरक राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायचा असतो. पण सरकारकडून पुरेसा निधी आला नाही की काय होते, तेही एप्रिल २०२५ मध्ये दिसले: एसटी कर्मचाऱ्यांच्या हाती आधीच्या महिन्याचा निम्म्याहून थोडाच अधिक पगार पडला.

तेव्हा माझा विरोध शून्य भाड्याला नाही, कुठून येणार हे ठरलेले नाही अशा निनावी पैशाला आहे. मुंबईतून गोळा होणाऱ्या व्यवसाय कराचा ठरावीक हिस्सा आणि वाहनतळाचे शुल्क कायद्याने बेस्टच्या नावे करावे, त्यातून आधी गाड्या घ्याव्यात आणि मग तिकीट बंद करावे. या क्रमाने मागणी होणार असेल तर निवेदनावर माझीही सही घ्यावी.