म्हणे फक्त ४०,००० किलोमीटर!

जुन्या गाडीची कुठलीही जाहिरात घ्या: ‘दहा वर्षं जुनी, सिंगल ओनर, फक्त ४०,००० किलोमीटर’! मग क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत कसं? डिजिटल मीटरसुद्धा मागे नेता येतो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागायच्या. त्या दाखवायला टाळाटाळ झाली की तिथूनच परत फिरा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसली तरी जुनं रबर कडक होतं, पावसात ब्रेक मारला की घसरतं. मागच्या सीटवर लेकरू बसणार असतं हो!

आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायची ही खोड तर संताप आणते. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सांगा, उद्या सकाळी येतो. गार इंजिन चालू करतानाच निळा धूर आणि खडखड पकडता येते.

कर्ज फिटलंय म्हणतात, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच! बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरले की काम संपलं असं एजंट सांगतात. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यायचा असतो, ते मात्र कुणी बोलत नाही.