भरतकाम सुलट बाजूनंच बघावं

कपड्यावरचं भरतकाम चांगलं की सुमार, हे ओळखायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे किमतीचं लेबल. त्यावरचा आकडा ठळक असतो आणि तो वाचायला टाक्यांतलं काही कळावं लागत नाही. आकडा पाहून छाती दडपली तर काम उत्तम, नाही दडपली तर सुमार. एवढी सोपी पद्धत हाताशी असताना लोक उगाच कापड चिमटीत धरून उजेडाकडे का वळतात, हे मला कळलेलं नाही.

पथ्य एकच आहे. कपडा आतून बघायचा नाही. आतली बाजू तोंडाळ असते, न विचारता सगळं सांगून मोकळी होते. मशिनच्या कामात वरून रंगीत धागा येतो आणि खालून बॉबिनचा, बहुधा पांढरा. दोघांचा ताण जुळला असेल तर भरीव टाक्याच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीची पांढरी पट्टी दिसते आणि तिच्या दोन्ही कडांना रंग. पांढरं कुठेच दिसत नसेल तर वरचा धागा सैल सुटला आहे. पांढरे कण पुढच्या बाजूला डोकावत असतील तर वरचा ताणला गेला आहे, नाहीतर खालचा ढिला पडला आहे. हे कळायला दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात खरेदीचा सगळा मूड जाऊ शकतो. शिवाय आत एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत उड्या मारत गेलेले, न कापलेले धागे असतात, बोट अडकेल असे. ते पाहून तुमची झोप उडेल. सुलट बाजू इस्त्री करून, दिव्याखाली तुमच्यासाठीच ठेवली आहे. पाहुणा दिवाणखान्यात बसतो, मोरीत डोकावत नाही.

टाक्यांच्या हिशेबातही पडू नका. तो हिशेब कारखानदार करतो, कारण मशिनच्या कामाचा भाव बहुतेक दर हजार टाक्यांवर ठरतो. छातीवरच्या छोट्याशा चिन्हाला 5,000 ते 10,000 टाके सहज लागतात. भरीव भागात शेजारच्या दोन ओळींत साधारण 0.4 मिलिमीटर अंतर ठेवतात. तेच 0.6 केलं की त्या भागातले एक तृतीयांश टाके वाचतात आणि मधून कापड दिसायला लागतं. अशा कामाला विरळ म्हणू नये, ‘हवेशीर’ म्हणावं. आणि ज्यांना वाटतं की टाके जितके जास्त तितकं काम भारी, त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे: इतकं गच्च भरायचं की टीशर्टवर पुठ्ठा शिवल्यासारखं वाटावं. कापड अंगाबरोबर वाकतं, चिन्ह वाकत नाही. याला ‘भरगच्च काम’ म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणतात.

खरी काटछाट याहून खाली होते. भरावाच्या आधी त्याच्याखाली विरळ टाक्यांचा एक पाया घालावा लागतो, म्हणजे वरचे टाके कापडात बुडत नाहीत आणि कडा सरळ राहतात. पाया दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे टाके कोण मोजून देणार? मग कडेची रेघ एकीकडे आणि पोटाचा भराव दुसरीकडे, मध्ये कापडाची फट. याचा दोष अनेकदा मशिनचा नसतो, पंचिंग करणाऱ्याचा असतो. पंचिंग म्हणजे चित्राचं टाक्यांत भाषांतर. टाका कुठून कुठे जाईल, कापड किती ओढलं जाईल आणि त्यासाठी आकार आधीच किती फुगवायचा, हे सगळं तिथे ठरतं. जाणता माणूस यावर तास घालवतो. संगणकाला चित्र देऊन बटण दाबलं तर काही सेकंदांत काम होतं आणि पाच मिलिमीटरपेक्षा बुटक्या अक्षरांचा शेवयांचा उपमा होतो. या सगळ्याचा लेबलावर पत्ता नसतो. गंमत म्हणजे चांगलं पंचिंग एकदाच करावं लागतं, नंतर तीच फाइल हजार शर्टांवर चालते. म्हणजे स्वस्त शर्टावर चांगलं काम करणं काही अशक्य नाही. पण ही माहिती आपल्या कामाची नाही, ती स्वस्त, मध्यम, महाग या किमतीच्या ठरलेल्या पायऱ्या बिघडवते.

आता मधली पायरी. खालच्या पायरीवरचा माल निदान गप्प असतो, वरच्या पायरीवरचाही फार बोलत नाही. मधला माल मात्र गोष्टी सांगतो. तिथे ‘हस्तकलेचा स्पर्श’ हा शब्द भेटेल. स्पर्श कोणी केला, कशाला केला, हे विचारू नका, कपड्याची घडी घालणाऱ्यानंही केलेला असतो. आणि हातकाम म्हणजे काय, हा प्रश्न तसा जुनाच आहे. फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोशुए हाइलमाननं 1828 साली एकाच वेळी अनेक सुया चालवणारं भरतकामाचं यंत्र आणलं. ते चालवायचा माणूसच, हातानं. तेव्हा त्या हिशेबानं तेही हातकाम! पुढे 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीनं शिफली यंत्र काढलं, होडीच्या आकाराच्या धोट्यावरून त्याचं नाव पडलं. त्यामुळे जुन्या पेटीत सापडलेली नाजूक झालर पाहून ‘तेव्हा लोक कसं हातानं करायचे’ असा उसासा टाकायला हरकत नाही, फक्त भिंग हातात घेऊ नका.

तरीही खऱ्या हातकामाचा संशय आलाच, तर लक्षणं सांगून ठेवतो, म्हणजे सावध राहाल. मागे बॉबिनचा वेगळा धागा नसतो, पुढचाच मागे दिसतो. दोन फुलं तंतोतंत सारखी नसतात. अशा वेळी तक्रार करा, पाकळी कमी-जास्त आहे म्हणा आणि शेजारच्या रांगेतलं, जिथे दहाही कपड्यांवर तीच पाकळी त्याच जागी वाकली आहे, ते घ्या. नक्षी शिवणीवरून न तुटता पलीकडे गेली असेल तर आणखी जपा. याचा अर्थ कोणीतरी कापड बेतण्यापासून विचार केला आहे, आणि अशा माणसांना पैसे द्यावे लागतात.

टिकल्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अनेकदा त्या एकाच धाग्याच्या साखळी टाक्यावर ओवलेल्या असतात. शेवटची गाठ नीट नसेल आणि टोक ओढलं गेलं, की अख्खी रांग जमिनीवर. टोक दिसलं तर ओढून बघा, पण पैसे देण्यापूर्वी नव्हे. ज्या टिकल्या नुसत्या डिंकानं चिकटवल्या आहेत, त्यांना ओढायचीही गरज पडत नाही.

धाग्यावर वाद घालणारे लोक वेगळेच असतात. रेयॉनची चमक मऊ, पण ओला झाला की कमजोर आणि ब्लीचपुढे हतबल. पॉलिएस्टर चिवट, ब्लीचला बऱ्यापैकी पुरून उरतो. नेहमीचा धागा 40 नंबरचा, म्हणजे 40 किलोमीटर धाग्याचं वजन एक किलो. बारीक अक्षरांना 60 नंबरचा लागतो, तो जास्त बारीक. पण इतक्या खोलात जाणाऱ्या माणसाबरोबर कोणी कपडे घ्यायला जात नाही.

धुण्याचं मात्र मनावर घ्या: धुऊच नका. मशिनवर चढवताना कापडाच्या मागे आधाराला एक कागदासारखा थर लावतात. एक जात फाडून काढायची, दुसरी कडेनं कापून कायम आत राहणारी. ताणल्या जाणाऱ्या टीशर्टला कायमची लागते. फाडायची लावली की काम झटपट उरकतं आणि आत टोचतही नाही. दुकानात दोन्ही सारख्याच देखण्या. पहिल्या धुण्यात सुती कापड आक्रसतं, पॉलिएस्टरचा धागा आक्रसत नाही, आणि चिन्हाभोवती चुण्या पडतात, इस्त्रीला न जुमानणाऱ्या.

माझ्याकडे दोन शर्ट आहेत, दोन्हींच्या खिशावर पक्षी. महागड्या शर्टावरचा पक्षी चौथ्या धुण्यानंतर पोटशूळ उठल्यासारखा आखडून बसला. पाहुणे आले की तोच घालतो, वर जाकीट चढवून. स्वस्तातला शर्ट लादी पुसायला काढायचा म्हणून वेगळा ठेवला होता, त्याला आता सहा वर्षं झाली. फाटतच नाही.