रक्तातली बुरशी आणि दीडशेची गोळी

‘केमो चालू असताना पाव खाल्ला तर रक्तात बुरशी होते. झालीच तर फ्लुकोनाझोल १५०ची एक गोळी पुरते. कल्चर निगेटिव्ह आलं, ताप उतरला की औषध बंद.’ कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये फिरणाऱ्या या मेसेजमधलं एकही वाक्य टिकत नाही. (फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, आणि कल्चर म्हणजे रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहण्याची तपासणी.)

पावाचं आधी निपटू. पाव फुगवणारं यीस्ट, तीही एक बुरशीच, भट्टीतच मरतं. रक्तात बहुधा सापडते ती कॅन्डिडा नावाची बुरशी, आणि ती मुळातच आपल्या आतड्यात असते. केमोमुळे आतड्याचं अस्तर सोलवटतं, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली जातात आणि तिला वाट मिळते. यीस्टची धास्ती घ्यायचीच तर जुलाबावरच्या सॅकरोमायसिस बोलार्डीच्या पुडीची घ्या. त्यात जिवंत यीस्ट असतं. खाटेशेजारी पुडी फोडली, पूड हाताला लागली आणि त्याच हाताने सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) धरली, की ते थेट रक्तात जाऊ शकतं.

दीडशेची एक गोळी योनीमार्गाच्या साध्या संसर्गाची. रक्तातल्या कॅन्डिडावर उपचारांची सुरुवात शिरेतून द्यायच्या औषधाने होते: कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, मग रोज ५०, किंवा मायकाफंजिन रोज १००. फ्लुकोनाझोल द्यायचंच तर प्रौढाला आधी ८००, नंतर रोज ४००, तेही बुरशीची जात कळल्यावर बरं. कॅन्डिडा क्रुसेई त्याला मुळातच दाद देत नाही. २००९मध्ये जपानमध्ये कानातल्या नमुन्यातून ओळखली गेलेली आणि आता भारतातल्या आयसीयूंतही आढळणारी कॅन्डिडा ऑरिस बहुतेकदा देत नाही. बुरशीची जात ओळखणारी काही यंत्रं ऑरिसला चुकून ‘हिम्युलोनी’ ही दुसरी जात म्हणतात. रिपोर्टवर हे नाव दिसलं तर माल्डी-टॉफ या जात अचूक ओळखणाऱ्या यंत्रावर खात्री करून घ्यावी.

निगेटिव्ह कल्चरवर विसंबणं सगळ्यात घातक. खोलवर पसरलेल्या कॅन्डिडाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते निगेटिव्हच येतं. शिवाय कल्चरच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. शीर सापडेना म्हणून २ मिलीवर भागवलं की ती आणखी निसटते. म्हणून न्यूट्रोफिल कमी असताना, अँटिबायोटिक चालू असूनही ४ ते ७ दिवस ताप हटला नाही, तर डॉक्टर बुरशीचं औषध कल्चरची वाट न पाहता सुरू करतात.

आणि ‘ताप उतरला’? दिवस तापावरून मोजत नाहीत. कल्चर रोज किंवा दिवसाआड पुन्हा काढतात. पहिलं निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून किमान १४ दिवस औषध. बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदाही तपासावा लागतो, आणि न्यूट्रोफिल कमी असतील तर ते वाढल्यावर, कारण त्याआधी पडद्यावरचे बुरशीचे डाग नीट उमटत नाहीत. डाग सापडले तर कॅस्पोफंजिन डोळ्यात नीट पोचत नसल्याने औषध बदलतं आणि मुदत ४ ते ६ आठवड्यांवर जाते.